लबाडीची कारणे आणि नीतीचे सिद्धांत : धनियाच्या लाकडापासून जातीच्या दाखल्यापर्यंत

पंचशील आपण विहारात म्हणतो, लग्नात म्हणतो, पुण्यानुमोदनालाही म्हणतो. त्यातले दुसरे शील न दिलेले घेण्यापासून परावृत्त राहण्याचे आहे आणि चौथे खोटे बोलण्यापासून. बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला दिलेल्या बावीस प्रतिज्ञांमध्येही चोरी न करण्याची आणि खोटे न बोलण्याची प्रतिज्ञा आहे. शील काय आहे, हे आपल्यापैकी कोणालाही नव्याने सांगावे लागत नाही. तरीही शील ठाऊक असलेला, एरवी सज्जन असलेला माणूस लबाडी करतो आणि रात्री शांत झोपतो. तो स्वतःची समजूत कशी घालतो? या लेखात आम्ही नीतिशास्त्राचे मुख्य सिद्धांत थोडक्यात सांगत आहोत, लबाडीला माणसे कोणती कारणे देतात ते मांडत आहोत आणि शेवटी हीच मोजपट्टी आपल्या समाजाला लावून पाहत आहोत.

उदाहरणांसाठी आम्ही नांदगाव पेठ डोळ्यांसमोर ठेवले आहे. अमरावतीहून नागपूरकडे निघाले की महामार्गावर हे गाव लागते. इथे टोलनाका आहे, औद्योगिक वसाहत आहे, कापडाचे कारखाने आहेत, औष्णिक वीजप्रकल्प आहे आणि सभोवती कापूस, सोयाबीन, तुरीची शेती आहे. माल, मजुरी आणि कागद यांची रोज उलाढाल होते तिथे लबाडीचे प्रसंगही रोज येतात. हे गाव इतरांपेक्षा लबाड आहे असे आम्हाला म्हणायचे नाही. अचलपूर, मूर्तिजापूर किंवा अकोला घेतले असते तरी उदाहरणे हीच राहिली असती.

धनियाचे लाकूड

विनयपिटकात दुसऱ्या पाराजिकेची म्हणजे चोरीविषयीच्या नियमाची जन्मकथा आहे. राजगृहाजवळ धनिय नावाचा भिक्खू राहत होता. तो कुंभाराचा मुलगा. त्याने गवताची झोपडी बांधली. तो भिक्षेला गेला असता लोकांनी तिचे गवत आणि लाकूड नेले. असे तीनदा झाले. मग त्याने मातीची कुटी करून ती भाजून पक्की केली, पण तसे करताना बारीक जीव मरतात म्हणून तथागतांनी ती मोडायला लावली. आता धनियाला लाकूड हवे होते. तो राजाच्या लाकूडकोठारावरच्या ओळखीच्या कारकुनाकडे गेला आणि राजाने मला लाकूड दिले आहे असे त्याला सांगितले. कारकुनाने विश्वास ठेवला. ते लाकूड नगराच्या दुरुस्तीसाठी राखलेले होते.

मगधाचा अमात्य वस्सकार याच्या हे लक्षात आले. कारकुनाला बांधून राजाकडे नेण्यात आले. धनियही गेला. बिंबिसाराने विचारले, मी लाकूड कधी दिले? धनिय म्हणाला, राज्याभिषेकाच्या वेळी आपणच श्रमण-ब्राह्मणांना गवत, लाकूड आणि पाणी दिल्याचे जाहीर केले होते. राजा म्हणाला, ते अरण्यातल्या बेवारस लाकडाविषयी होते. चीवराकडे पाहून राजाने धनियाला सोडले, पण लोकांमध्ये नाराजी पसरली. तेव्हा तथागतांनी नियम घातला. किती किमतीच्या चोरीला राजा कडक शिक्षा करतो हे त्यांनी पूर्वी न्यायखात्यात अमात्य असलेल्या एका भिक्खूला विचारून घेतले. उत्तर आले, एक पाद, म्हणजे पाच मासक.

या कथेत दोन गोष्टी ध्यानात घेण्यासारख्या आहेत. धनियावर आधी खरोखर अन्याय झाला होता, त्याची झोपडी तीनदा मोडली गेली होती. आणि त्याचे वाक्य शब्दशः खोटे नव्हते, राजा तसे बोलला होता. म्हणजे अन्यायही खरा, वाक्यही अर्धे खरे, तरी घेतलेले लाकूड न दिलेलेच होते. आणि बांधला गेला तो कारकून. हा कारकून पुढे लेखभर लक्षात ठेवावा, ही विनंती.

नीतीचे मुख्य सिद्धांत

एखादे कृत्य योग्य की अयोग्य हे कशावरून ठरवायचे, याची पाश्चात्त्य तत्त्वज्ञानात मुख्यतः चार उत्तरे आहेत.

पहिले कर्तव्यवादाचे. जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांट याने ते १७८५ साली मांडले. आपण ज्या नियमाने वागतो तोच नियम सगळ्यांनी पाळला तर चालेल का, असे तो विचारतो. सगळेच खोटे बोलू लागले तर कोणाच्याही शब्दाला किंमत उरणार नाही, आणि मग खोटे बोलणेही निरुपयोगी होईल. म्हणून खोटे नको. १७९७ च्या एका निबंधात तर मित्राला मारायला आलेल्या माणसाशीही खोटे बोलू नये, इतके त्याने ताणले. त्याच्या चाहत्यांनाही हे पटत नाही.

दुसरे उपयुक्ततावादाचे. जेरेमी बेंथम याने १७८९ साली आणि जॉन स्टुअर्ट मिल याने १८६३ च्या पुस्तकात ते मांडले. ज्या कृत्याने जास्तीत जास्त लोकांचे जास्तीत जास्त भले होते ते योग्य. इथे परिणाम मोजायचे असतात. अडचण अशी की मोजणारा आपणच असतो आणि आपल्या फायद्याचे माप नेहमी जड भरते.

तिसरे सद्गुणवादाचे, ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटलपासून आलेले. एकेका कृत्यापेक्षा माणूस कसा घडतो हे पाहायचे. सवयीने माणूस शूर होतो, सवयीने प्रामाणिक होतो आणि सवयीनेच लबाडही होतो.

चौथे न्यायाच्या कराराचे. अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन रॉल्स याने १९७१ साली मांडलेली कसोटी अशी : आपण कोणत्या घरात, कोणत्या जातीत, गरिबीत की श्रीमंतीत जन्माला येणार हे ठाऊक नसताना जो नियम आपण मान्य करू, तो न्याय्य.

यातला प्रत्येक सिद्धांत चुकीच्या हाती पडला की लबाडीची ढाल होतो. कर्तव्याचे नाव घेऊन माणूस म्हणतो की वरून हुकूम होता. परिणामाचे नाव घेऊन म्हणतो की कोणाचे काही बुडाले नाही. सद्गुणाचे नाव घेऊन म्हणतो की एरवी मी इतका चांगला आहे, एवढ्याने काय होते. म्हणून सिद्धांत पाठ असणे पुरेसे नाही.

धम्म काय पाहतो

धम्मात कर्माचे मूळ चेतना, म्हणजे हेतू, हे आहे. पण हेतू चांगला होता असे स्वतःच ठरवून मोकळे होण्याची सोय धम्मात नाही. मज्झिम निकायातल्या अम्बलट्ठिक-राहुलोवाद सुत्तात तथागत आपला मुलगा राहुल याला खोटेपणाविषयी समजावतात. भांड्यात उरलेले थोडे पाणी दाखवून, जाणूनबुजून खोटे बोलताना ज्याला लाज वाटत नाही त्याचे श्रमणपण इतकेच उरते असे ते सांगतात. मग आरशाची उपमा देतात. कृत्य करण्याआधी, करत असताना आणि केल्यानंतर असे तीनदा तपासायचे : याने मला, दुसऱ्याला किंवा दोघांना दुःख होईल का? झाल्यावर चूक दिसली तर ती जाणत्या माणसापुढे उघड करायची. ही उघड करण्याची पायरी फार मोलाची आहे, कारण लबाडीची कारणे एकट्यानेच ऐकली की पटतात.

बाबासाहेबांनी यात दोन मोठ्या गोष्टी स्पष्ट केल्या. एक, तत्त्व आणि नियम यांतला फरक. १९३६ च्या 'जातिप्रथेचे विध्वंसन' या भाषणात आणि पुढे 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्यांनी तो मांडला. नियम काय करावे ते सांगतो, तत्त्व विचार करून ठरवायला लावते. म्हणून तत्त्वाने चालणाऱ्यावर जबाबदारी जास्त येते. दोन, नुसती नीती पुरेशी नाही, कारण टोळीतही नीती असते. चोर एकमेकांशी इमानदार असतात, जातभाई जातभाईंशी इमानदार असतात. आपल्या गटापुरती ती नीती आणि बाहेरच्यांसाठी लूट. म्हणून नीती सर्वांना सारखी लागू होणारी आणि पवित्र मानलेली असली पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता.

माणसे देतात ती पाच कारणे

१९५७ मध्येच ग्रेशम साइक्स आणि डेव्हिड मात्झा या अमेरिकन समाजशास्त्रज्ञांनी गुन्हा करणारी मुले स्वतःची समजूत कशी घालतात याचा अभ्यास मांडला. त्यांनी पाच प्रकार सांगितले. आपल्या वऱ्हाडात ते असे ऐकू येतात.

१. जबाबदारी झटकणे. "साहेबानंच सांगतलं, मी काय करू?" न आलेल्या मजुराची हजेरी लावणारा मुकादम असे म्हणतो.

२. नुकसान नाकारणे. "कोनाचं काय बुडालं? सरकारचंच तं हाय." न पेरलेल्या पिकाचा विमा काढणारा किंवा मुदत संपलेले ओळखपत्र दाखवून टोल चुकवणारा असे म्हणतो.

३. ज्याचे नुकसान झाले तोच त्या लायकीचा ठरवणे. "तो काट्यात मारते, मंग म्या कापसाले पानी मारलं तं काय झालं?" इथे व्यापारी आणि शेतकरी दोघांकडेही दुसऱ्याविरुद्ध तयार कारण असते.

४. बोट दाखवणाऱ्यावर उलटणे. "तो कोन मोठा धुतल्या तांदळाचा? सारेच तं खातेत, आपुन काऊन मांगं राहाचं?"

५. आपल्या माणसांची निष्ठा पुढे करणे. "लेकरायसाठीच तं करतो." किंवा "समाजासाठी केलं, घरी थोडंच नेलं?"

शेवटचे कारण सर्वांत गोड आहे आणि बाबासाहेबांनी टोळीची नीती म्हटली ती हीच. त्याआधी १९५३ मध्ये डोनाल्ड क्रेसी याने विश्वासाने सोपवलेला पैसा खाल्ल्याबद्दल तुरुंगात गेलेल्यांशी बोलून एक पुस्तक लिहिले. त्यातली बरीच माणसे आपण चोरी करतो आहोत असे मानत नव्हती. आपण उसने घेतो आहोत, पुढे टाकून देऊ, असे ती स्वतःला सांगत होती.

असे का होते? मानसशास्त्रज्ञ लिओन फेस्टिंगर याचे म्हणणे होते की मी चांगला आहे आणि मी हे वाईट केले, हे दोन विचार एकत्र नांदत नाहीत. केलेले पुसता येत नाही, म्हणून माणूस विचार बदलतो. १९५९ च्या प्रयोगात विद्यार्थ्यांना एक कंटाळवाणे काम करायला लावून, ते मजेदार होते असे पुढच्या माणसाला सांगायला लावले. काहींना त्यासाठी एक डॉलर दिला, काहींना वीस. वीस मिळालेल्यांना आपण पैशासाठी खोटे बोललो हे ठाऊक राहिले. एकच डॉलर मिळालेल्यांना मात्र ते काम खरेच बरे वाटू लागले. छोट्या फायद्यासाठीचे खोटे आपल्यालाच पटते, ते असे.

अभ्यासकही याला अपवाद नाहीत. फॉर्मच्या खाली सही घेण्याऐवजी वर घेतली तर लोक जास्त खरे लिहितात, असे सांगणारा २०१२ चा एक शोधनिबंध फार गाजला. त्यातली एका प्रयोगाची आकडेवारी बनावट असल्याचे उघड झाले आणि २०२१ मध्ये तो मागे घेतला गेला. प्रामाणिकपणावरच्या संशोधनातच बनावट आकडे निघाले. फार शिकले म्हणजे माणूस लबाडीतून सुटतो, ही समजूत त्यामुळे टिकत नाही.

जातीचा दाखला : कोण बांधला गेला?

आता महाराष्ट्रातले सर्वांत मोठे उदाहरण. राखीव जागा मिळवण्यासाठी खोटा जातीचा किंवा जमातीचा दाखला काढणे. यासाठी सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये पडताळणीची पद्धत घालून दिली. महाराष्ट्राने २००० चा कायदा केला आणि पडताळणी समित्या काम करू लागल्या. अमरावतीतही अशी समिती आहे. दाखला अवैध ठरल्यावर लोक म्हणत, इतकी वर्षे नोकरी केली, आता काढून कोणाचा फायदा? ६ जुलै २०१७ रोजी भारतीय अन्न महामंडळाच्या आणि इतर अपिलांवर निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने ही सबब नाकारली. खोट्या दाव्यावर मिळालेली नोकरी किंवा प्रवेश केवळ काळ लोटला म्हणून टिकत नाही. लाभ काढून घेण्यासाठी लबाडीचा हेतू होता की नव्हता हे सिद्ध करण्याचीही गरज नाही. कारण त्या जागेवर खरा हक्क असलेला कोणी एक वंचित राहिलेला असतो. त्यानंतर डिसेंबर २०१९ मध्ये राज्य सरकारने अशा कर्मचाऱ्यांना अधिसंख्य पदांवर ठेवण्याचा निर्णय घेतला आणि त्यांच्या रिकाम्या झालेल्या जागांचा प्रश्न पुढे वर्षानुवर्षे चालला.

कोणत्या जमातीचा दावा खरा, हा वाद आम्ही इथे घेत नाही. काहींच्या आजोबांच्या कागदावरच तसे लिहिलेले होते आणि त्यांनी ते खरेच मानले होते. पण जाणूनबुजून दाखला काढणाऱ्याच्या बाबतीत धनियाचा कारकून शोधला की तो लगेच सापडतो. मेळघाटातल्या आश्रमशाळेत शिकलेला एखादा मुलगा, ज्याचे नाव यादीत एका क्रमांकाने राहिले. त्याला आपली जागा कोणी नेली हे कधीच कळत नाही. म्हणूनच घेणारा बिनदिक्कत म्हणतो, "कोनाचं काय बुडालं?"

आपल्या घरातला कागद

इथवर वाचून आपल्याला बरे वाटले असेल, कारण इथपर्यंत चोर बाहेरचा होता. आता आपल्याकडे पाहू.

१९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार हिंदू नसलेल्या माणसाला अनुसूचित जातीचा मानले जात नव्हते. १९५६ मध्ये शीख त्यात आले. बौद्धांना मात्र १९९० पर्यंत थांबावे लागले. महाराष्ट्र राज्याने १९६० नंतर आपल्या पातळीवर सवलती दिल्या, पण केंद्राच्या नोकरीसाठी त्या उपयोगाच्या नव्हत्या. म्हणून घरात तथागतांची मूर्ती, भिंतीवर बाबासाहेब आणि कागदावर 'हिंदू महार', असे हजारो घरांत झाले. ही लबाडी होती का?

कांट हो म्हणेल. मिल म्हणेल, एका पिढीला शिक्षण मिळाले, हेही मोजा. रॉल्स म्हणेल, धर्म बदलला म्हणून अन्याय संपत नसताना हक्क काढून घेणारा नियमच न्याय्य नव्हता. आम्ही पुन्हा कारकून शोधतो. ज्याच्यासाठी ती सवलत होती त्याच माणसाला ती मिळत होती, दुसऱ्या कोणाची जागा जात नव्हती. म्हणून हे कृत्य आणि खोटा दाखला एका तराजूत घालता येणार नाहीत. ज्या आजोबांनी भीतीने आणि लेकरांच्या पोटासाठी तसे लिहिले, त्यांना दोष देण्याची आमची पात्रता नाही.

पण १९९० च्या दुरुस्तीने हे कारण संपले. आज बौद्ध असूनही अनुसूचित जातीचा दाखला कायदेशीरपणे मिळतो. तरी अनेक घरांत धर्माच्या रकान्यात जुनेच लिहिले जाते. विचारले तर उत्तर येते, "उगाच भानगड कायले? पोराचा दाखला अटकन." कारण गेले, सवय राहिली. ॲरिस्टॉटलने सांगितले ते हेच. आणि आता कारकूनही दिसतो. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ६५ लाख ३१ हजार बौद्ध नोंदले गेले, राज्याच्या ५.८१ टक्के. जे नोंदले गेले नाहीत त्यांच्यामुळे समाजाची संख्या, आणि संख्येवर उभी राहणारी मागणी, कमी पडते. १६ जून २०२५ च्या अधिसूचनेनुसार पुढची जनगणना १ मार्च २०२७ या संदर्भ तारखेची आहे आणि तिच्यात जातही विचारली जाणार आहे. धर्माच्या ठिकाणी बौद्ध आणि जातीच्या ठिकाणी आपली अनुसूचित जात, ही दोन्ही उत्तरे आता एकाच वेळी खरी आणि कायद्याने सुरक्षित आहेत.

दुसरी गोष्ट वर्गणीची. १४ एप्रिलला, धम्मचक्र प्रवर्तन दिनाला, विहाराच्या बांधकामाला आपण पैसे गोळा करतो. निंदणाला जाणारी बाई त्यात आपले पन्नास रुपये टाकते. हिशेब मागितला की ऐकू येते, "समाजाचं काम करनाऱ्यावर शक घेता का?" यात चौथे आणि पाचवे कारण एकत्र आहे. खजिन्यातून महिनाभरासाठी काढलेले पैसे म्हणजे क्रेसीच्या माणसांचे उसने. गाडगेबाबा, ज्यांचे २० डिसेंबर १९५६ रोजी वलगावजवळ निर्वाण झाले आणि ज्यांची समाधी अमरावतीत आहे, त्यांनी लोकांच्या पैशांतून मोठमोठ्या धर्मशाळा उभ्या केल्या आणि स्वतः फुटके गाडगे घेऊनच फिरले. आपल्या जिल्ह्याला हा आदर्श बाहेरून आणावा लागत नाही.

तपासण्याचे चार प्रश्न

वरच्या सर्व विचारांतून रोजच्या वापराचे चार प्रश्न निघतात.

१. हे कोणाचे आहे आणि त्याने ते खरोखर मला दिले आहे का? धनियासारखे शब्दात पकडून नाही, त्याच्या मनातल्या अर्थाने.

२. माझ्या या कृत्याने कोण बांधला जाईल? टोलच्या खिडकीतला पोरगा, यादीत राहिलेला विद्यार्थी, पन्नास रुपये देणारी बाई?

३. जे कारण मी देतो आहे तेच समोरच्याने मला दिले तर मी मान्य करीन का?

४. हे मी विहारात सर्वांसमोर सांगू शकेन का?

यातला दुसरा प्रश्न आम्हाला सर्वांत उपयोगी वाटतो. पाचही कारणांचे काम एकच असते, त्या बांधल्या गेलेल्या माणसाला नजरेआड करणे. तो दिसला की कारण सहसा टिकत नाही. आणि जिथे शोधूनही असा माणूस सापडत नाही, तिथे, जसे १९९० पूर्वीच्या त्या आजोबांच्या कागदात, निवाडा करताना आपण हात आखडता घ्यावा.

सुरुवात लहान असू शकते. प्रत्येक विहाराच्या दाराशी एक फळा लावावा, जमा आणि खर्च त्यावर दर महिन्याला लिहावा आणि ज्याला वाचता येत नाही त्याला रविवारच्या वंदनेनंतर वाचून दाखवावा. जनगणनेचा प्रगणक दारात येईल तेव्हा घरातल्या मोठ्यांनी लेकरांसमोर खरे उत्तर द्यावे. राहुलाला सांगितलेला आरसा घरात लावायचा तो असा.

नमो बुद्धाय. जय भीम.